कॅसची शिडी पहिल्या पिढीच्या प्राध्यापकाला कितपत पेलते?

घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. सेट किंवा नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास होऊन अनुदानित महाविद्यालयात कायमची ऑर्डर मिळाली आहे, आणि मनात कुठेतरी प्राचार्याची खुर्ची आहे. अशा माणसाला पुढची पंधरा-वीस वर्षं एक सरकारी सेवा वापरत राहावी लागते, ती म्हणजे कॅस: ठरावीक वर्षं आणि अटी पूर्ण झाल्या की वरच्या वेतनपायरीवर बढती देणारी योजना. ‘करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम’ हे पूर्ण नाव प्रपत्रापुरतंच. सरकारी पत्रात तिला स्थाननिश्चिती म्हणतात आणि स्टाफरूममध्ये ‘प्लेसमेंट झाली का?’ एवढंच विचारतात. इथे परीक्षण त्या सेवेचं आहे, तेही पदव्युत्तर विभागाच्या नाही तर साध्या महाविद्यालयाच्या बाजूने. आधार यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ची नियमावली आणि ती राज्यात लागू करणारा ८ मार्च २०१९चा शासन निर्णय.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी तीन. नियम म्हणून योजना चांगली आहे, अंमलबजावणी मध्यम आहे, आणि नवख्याला समजावून सांगण्यात ती सपशेल नापास आहे.

चांगलं काय ते आधी. कॅसची बढती व्यक्तीला मिळते, रिकाम्या जागेला नाही. वरचा कोणी निवृत्त व्हायची वाट पाहावी लागत नाही, संस्थाचालकांच्या वाड्यावर हजेरी लावावी लागत नाही. सातारच्या रयतच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९७५ ते १९७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. पण त्यांच्यामागे कर्मवीर भाऊराव पाटील उभे होते. प्रत्येक पोराच्या नशिबी कर्मवीर नसतात. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्यासाठी छापील तक्ता हाच पाठीराखा, आणि कॅसची खरी किंमत इथे आहे.

आता पायऱ्या. नोकरी लेव्हल १० या वेतनपायरीवर सुरू होते, मूळ वेतन ५७,७००. पुढची लेव्हल ११ (६८,९००) पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. तिथून ५ वर्षांनी लेव्हल १२ (७९,८००). मग ३ वर्षांनी लेव्हल १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, आणि आणखी ३ वर्षांनी लेव्हल १४, म्हणजे प्राध्यापक (१,४४,२००). १३एचं सुरुवातीचं मूळ वेतन १,३१,४०० आहे. १२ आणि १३ए या दोन आकड्यांमधलं अंतर पुन्हा एकदा वाचा. आधीच्या दोन उड्या अकरा-अकरा हजारांच्या, ही पन्नास हजारांच्या वरची. आणि याच पायरीवर पीएच.डी. सक्तीची आहे. सेटच्या जोरावर लागलेला माणूस ११ आणि १२ आरामात गाठतो, बहिणीचं लग्न आणि घराचं कर्ज उरकतो, आणि चाळिशीत त्याला कळतं की पीएच.डी. मिळाल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही. पीएच.डी. रखडली की प्राचार्यपदाचं गणितही तितकीच वर्षं मागे जातं. म्हणून रुजू झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत नोंदणी उरकावी. वर्कलोड तेव्हाच कमी असतो असं नाही, पण समित्या तरी कमी असतात.

तासिका तत्त्वावरच्या वर्षांबद्दल फार गैरसमज आहे. मागची सेवा धरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: त्या वेळी पूर्ण पात्रता, रीतसर निवड समितीची शिफारस, आणि नियमित सहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसलेला पगार. सीएचबीवाला, म्हणजे हाच तासिका तत्त्वावरचा, तिसऱ्या अटीत बाद होतो. सहा-सात वर्षं तासाच्या हिशोबाने शिकवून कायम झालेल्याचं कॅसचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. योजनेतला हा सगळ्यात कडू भाग, आणि तो नेमका ओळख-पाळख नसलेल्यांच्या वाट्याला जास्त येतो. त्यांचीच कायम होण्याआधीची वर्षं लांबतात.

कोर्सेसची बाजू त्या मानाने सोपी. लेव्हल ११ साठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स. आताच्या मालवीय मिशन शिक्षक-प्रशिक्षण केंद्रांचा महिनाभराचा इंडक्शन कोर्सही त्याच्या जागी चालतो. त्याशिवाय एक रिफ्रेशर (उजळणी कोर्स), किंवा किमान पाच-पाच दिवसांच्या दोन कार्यशाळा, किंवा प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC, सर्वांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स. लेव्हल १२ साठी किमान दहा दिवसांचे दोन कोर्स, १३एसाठी एक. एका दहा दिवसांच्या कोर्सऐवजी पाच दिवसांचे दोन चालतात. चूक इथे होते ती तारखांची. कोर्स त्या-त्या पायरीच्या काळातच झालेला हवा. लेव्हल १०मध्ये असताना हौसेने तीन रिफ्रेशर केले तर उरलेले दोन पुढच्या पायरीला उपयोगी पडत नाहीत.

अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधीपासून देता येतो. कॉलेजच्या आयक्यूएसीचा (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा) समन्वयक तपासतो, मग लेव्हल ११ आणि १२ साठी छाननी समिती (वरच्या पायऱ्यांना निवड समिती) बसते. छाननी समितीत असतात प्राचार्य, विभागप्रमुख, आणि कुलगुरूंनी नेमलेले विषयतज्ज्ञ. समितीने शिफारस केली की कागद विद्यापीठाच्या मान्यतेला, तिथून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीला, आणि शेवटी सेवापुस्तकात नोंद. समिती स्वतः अर्ध्या दिवसात आटोपते. तिच्या आधी तज्ज्ञांच्या तारखा जुळणं आणि नंतर वेतननिश्चितीचा प्रवास, गाडं इथे रुततं. पात्रता पूर्ण असताना त्या तारखेला अर्ज केला असेल तर समिती उशिरा बसली तरी बढती मूळ तारखेपासून लागते आणि पगारातला मागचा फरक मिळतो. पहिल्या फेरीत नापसंत ठरलात तर मात्र तारीखच पुढे सरकते, आणि पुन्हा अर्ज किमान एका वर्षाने. म्हणून अर्धवट फाइल घाईने देणं महागात पडतं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली अर्जाची प्रत घरी ठेवा. पुढे फरकाची बिलं अडली तर मूळ तारीख सिद्ध करणारा तोच एक कागद असतो.

फाइल म्हणजे काय, तेही एकदा जवळून बघू. वर्षाला एक बॉक्स फाइल. आत वेळापत्रक, हजेरीपटाच्या सह्या केलेल्या प्रती, परीक्षेच्या कामाचे आदेश, समितीवर नेमल्याचं प्राचार्यांचं पत्र, आणि कार्यक्रम झाल्याचा अहवाल. नेमणुकीचं पत्र आहे पण अहवाल नाही, किंवा अहवाल आहे पण त्यात नाव नाही, अशा विसंगतीने वर्ष फुकट जातं. वर्गातले ८० टक्के तास घेतले तर शिकवण्याची श्रेणी ‘चांगली’, ७० ते ८० ‘समाधानकारक’, त्याखाली नापसंत. पुढच्या पायरीसाठी ठरावीक वर्षं समाधानकारक किंवा चांगली लागतात, जसं लेव्हल १२ साठी पाचपैकी चार. मुख्याध्यापकाच्या घरात वाढलेल्याला कागद जपायची सवय घरातूनच येते. शेतमजुराच्या मुलाला ती कोणी लावलेली नसते, आणि योजनाही सांगत नाही. दर मेमध्ये एक दिवस बसून त्या वर्षाचं प्रपत्र भरून प्राचार्यांची सही घ्यायची, बस्स. पाच वर्षांचं एकदम भरायला बसलं की तीन प्राचार्य बदललेले असतात.

लेव्हल १४ ला आणि प्राचार्यपदाला दहा प्रकाशनं आणि ११० संशोधन गुण लागतात. इथे हुशार माणसंही चुकतात. मराठीच्या प्राध्यापकाचं उदाहरण घ्या. एकट्याच्या नावावरचे दहा शोधनिबंध, प्रत्येकी १०, म्हणजे १००. एका पुस्तकाचा अनुवाद ८, एका संपादित पुस्तकातलं प्रकरण ५. बेरीज ११३. पास? नाही. संशोधन गुणांचे सहा गट आहेत, त्यांपैकी किमान तीन गटांतून गुण यावे लागतात, आणि अनुवाद व प्रकरण दोन्ही ‘इतर प्रकाशनं’ या एकाच गटात मोडतात. म्हणजे गट झाले दोनच. राज्यस्तरीय चर्चासत्रातलं एक निमंत्रित व्याख्यान, ज्याचे जेमतेम २ गुण, किंवा मार्गदर्शनाखाली जमा झालेला एक प्रबंध, ५ गुण, हे दार उघडतं. उलट नुसत्या व्याख्यानांवरही भागत नाही. व्याख्यानं आणि धोरणपत्रं मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे मोजत नाहीत.

रसायनशास्त्रवाल्याची अडचण वेगळी. त्याच्या निबंधाचे मूळ गुण ८, आणि लेखक बहुधा तीन-चार. दोनापेक्षा जास्त लेखक असले की प्रथम किंवा पत्रव्यवहारकर्त्या लेखकाला ७० टक्के, म्हणजे ५.६, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के, म्हणजे २.४. मधे नाव असलेले दहा निबंध, मूळ गुण फक्त २४. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात त्याचं माप) वाढीव गुण असतात, पण तेही याच प्रमाणात विभागले जातात. तेव्हा गाइडशी नावाचा क्रम आधीच बोलून घ्यावा. अवघड बोलणं आहे, सर नाराज होतील असं वाटतं, पण नंतर हे बोलायला जागा उरत नाही.

नियतकालिकांच्या यादीचा घोळ वेगळाच. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०१९ला आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती बंद केली. आधीचे निबंध यादीत असताना छापले होते हे दाखवणारा, तारीख दिसेल असा पानाचा प्रिंटआउट लावून ठेवलेला बरा. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये. तज्ज्ञ समितीत बसलेला माणूस त्यांची नावं तोंडपाठ ओळखतो. आणि यूजीसीने जानेवारी २०२५मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला होता, त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते विद्यापीठाच्या परिपत्रकातच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये नाही.

हे सगळं जमलं तर पीएच.डी. घेऊन लागलेला माणूस १२ वर्षांनी सहयोगी आणि १५ वर्षांनी प्राध्यापक होतो, आणि प्राचार्यपदाची १५ वर्षांच्या अनुभवाची अटही त्याच सुमारास पूर्ण होते. प्राचार्यपद मात्र कॅसने मिळत नाही. त्याला स्वतंत्र जाहिरात आणि निवड समिती. मुदत ५ वर्षं, आणखी एक ५ वर्षांची टर्म शक्य. पदवी महाविद्यालयात वेतन लेव्हल १३एचं आणि वर दरमहा विशेष भत्ता, म्हणजे आधीच लेव्हल १४ वर असलेल्याने पगारासाठी ही खुर्ची मागू नये. दुसऱ्या संस्थेत प्राचार्य म्हणून जाताना मूळ कॉलेजातला धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, लेखी मागून घ्या आणि संस्थेच्या ठरावाची प्रत सोबत ठेवा. टर्म संपल्यावर मूळ जागी प्राध्यापक म्हणून परतायची तरतूद आहे, पण पाच वर्षांनी परत आलात की आस्थापनेचा लिपिक आधी तोच ठराव मागतो.