वायफायवाली कोळशाची भट्टी: डिजिटल कमाडो घ्यायचा का?

आधी किमतीचं बोलून घेते कारण सगळे पहिलं तेच विचारतात. हे प्रकरण लाखाच्या पुढे जातं. महिन्यातून एकदा चिकन टिक्का आणि पावसात कणसं भाजायची एवढंच असेल तर घेऊ नका, साध्या लोखंडी शेगडीवर ते काम झकास होतं आणि चवीत काडीचा फरक पडत नाही. कमाडोची खरी मजा आहे ती एखादी गोष्ट चार-सहा तास एकाच तापमानाला शिजत ठेवायची असेल तेव्हा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, कमाडो म्हणजे जाड सिरॅमिकचा, अंड्याच्या आकाराचा, झाकणवाला ग्रिल. मूळ जपानी भात शिजवायच्या चुलीचं हे पुढचं रूप, महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तो तिकडे नेला आणि १९७४ मध्ये अटलांटात बिग ग्रीन एग ही कमाडो विकणारी कंपनी सुरू झाली. भिंत जाड त्यामुळे आत उष्णता धरून राहते, हवा कमी खेळते म्हणून मांस कोरडं पडत नाही. आमचा आहे तो डिजिटलवाला, म्हणजे खाली कोळसा पेटवायला इलेक्ट्रिक एलिमेंट, सोबत छोटा फॅन, आणि झाकणातल्या सेन्सरवर लक्ष ठेवून फॅन कमी-जास्त करणारा कंट्रोलर. फुंकणी घेऊन चुलीपाशी बसलेली आजी, पण न कंटाळणारी. गॅस वगैरे काही नाही, शिजतं सगळं कोळशावरच.

नवरा दुबईहून कायमचा परत आला तेव्हा घरसामानात हा आला. त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्न आला नाही, फक्त पिन वेगळी होती. पण कोणी अमेरिकेतून आणायचा विचार करत असेल तर आधी मागची प्लेट वाचा, तिकडचं मॉडेल १२० व्होल्टचं असतं आणि पेटवणारा एलिमेंट चांगलाच करंट ओढतो, फोन चार्जिंगच्या छोट्या कन्व्हर्टरवर तो चालणार नाही. आणि वजन शंभर किलोच्या वर! आम्ही बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घरांना अंगणं ठेवली म्हणून निभावलं. फ्लॅटवाल्यांनो, बंद केलेल्या गॅलरीत हे अजिबात करायचं नाही. धुराचा त्रास शेजाऱ्यांना होईल तो होईलच, पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासच नसतो.

आता सुरुवात कशी करायची. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वर काही ठेवू नका, आणि तापमान दीडशे-पावणेदोनशे सेल्सिअसच्या आतच ठेवून दोन तास नुसता चालू द्या. नवीन सिरॅमिकमधला ओलावा हळूहळू जातो आणि झाकणाच्या कडेला जी जाळीसारखी पट्टी चिकटवलेली असते तिचा गोंद नीट बसतो. पहिल्याच दिवशी पिझ्झ्यासाठी तीनशेवर नेला की ही पट्टी सुटू शकते, मग झाकणातून हवा आत शिरते आणि कंट्रोलर कितीही हुशार असला तरी बसून बघत राहतो.

कोळशाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण अर्धा खेळ तिथेच आहे. लाकडी कोळसाच हवा, आणि मोठे खडे हवेत. ब्रिकेट म्हणजे त्या गोळ्या दिसायला सारख्या आणि नीटनेटक्या पण राख खूप होते, आणि खालची भोकं राखेने बुजली की फॅन नुसता घुंघुं करतो. आपल्याकडे तंदूरवाल्या हॉटेलांना जे माल देतात त्यांच्याकडे किंवा कोळशाच्या वखारीत पोतं मिळतं पण त्यात चुरा बराच निघतो, तो चाळून बाजूला काढायचा, मोठे खडे खाली, मधले त्यावर. एलिमेंटला कोळसा टेकला पाहिजे, मध्ये पोकळी राहिली की नुसता तापतो आणि पेटत काही नाही. रॉकेल, लायटर फ्लुइड वगैरे चुकूनही नको, सिरॅमिक तो वास पिऊन ठेवतं. आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात कोळसा इतका ओलावा धरतो की पेटताना पांढरा कडू धूर येत राहतो, त्यामुळे झाकणाच्या पिंपात ठेवा. काहीही वर ठेवायच्या आधी धूर पातळ, जवळपास दिसेनासा होऊ द्यायचा, हे तर कोरडा कोळसा असला तरी लागू.

आता मुख्य मुद्दा. फॅन हवा देऊ शकतो, उष्णता काढून घेऊ शकत नाही. म्हणजे तुम्हाला ११० हवं असेल आणि आत एकदा १६० झालं की कंट्रोलर फॅन बंद करून गप्प बसतो, आणि एवढं जाड सिरॅमिक तापलेलं असल्यावर खाली यायला तासभर सुद्धा लागतो. म्हणून कायम खालून वर चढायचं, वरचं धुराडं जवळजवळ बंद ठेवायचं (ते हातानेच करायचं असतं, फोनवरच्या ॲपला ते जमत नाही), आणि झाकण उघडून बघायची खोड सोडायची. उघडलं की सेन्सरला वाटतं आत थंड झालं, मग फॅन जोरात सुटतो, निखारे फुलतात आणि झाकण लावल्यावर आकडा धावत सुटतो. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी उघडून बघायचं असतं, आता मी सरळ नाही म्हणते. उघडायचंच असेल तर आधी दोन बोटं फट, थोडं थांबायचं, मग पूर्ण. एकदम उघडलं तर आत हवेसाठी आसुसलेली आग भस्सकन बाहेर येते, भुवया जातात.

ॲप ठीकठाक. आमचा २.४ गीगाहर्ट्झचंच वायफाय पकडतो, त्यामुळे जोडणी होत नसेल तर राउटरमध्ये बघा. नवऱ्याला त्यातल्या तापमानाच्या ग्राफचं फार कौतुक, मला मांसात खुपसायचा प्रोब जास्त कामाचा वाटतो. चिकनचा सगळ्यात जाड भाग ७४ ला आला की झालं, अंदाजपंचे काही नाही. बोकडाची रान (अख्खी मांडी) मात्र ७४ ला चिवटच लागते, ती ९० च्या आसपास गेली की हाडापासून सुटते. पण आपल्या बोकडाला चरबी कमी म्हणून रंग आला की थोडं पाणी घालून फॉइलमध्ये बांधायची, नाहीतर अमेरिकन व्हिडिओ बघून केलेली रान लाकूड होते. खाली सिरॅमिकची आडवी प्लेट लावायला विसरू नका, तिच्यामुळे निखाऱ्यांची थेट आच लागत नाही. दिवाळे कोळीवाड्यातून आणलेला जिताडा मासा केळीच्या पानात १८० ला, बस्स, त्याच्यापुढे रान पण फिकी.

थंडीत पोपटी, म्हणजे आपली मडक्यात भाजलेली शेंगा-चिकनची मेजवानी, करून बघितली. लहान मडकं, तळाला भांबुर्डा (वासाचा रानपाला), वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंडाला परत भांबुर्डा कोंबून. मडकं थंड असतानाच आत ठेवून तापमान हळूहळू चढवलं. शिजली उत्तम, शेंगा एकदम मऊ. पण शेतात पालापाचोळा पेटवून करतात तिचा जो धुरकट वास असतो तो नाही आला, कारण इथे आग स्वच्छ जळते. पनवेलच्या सासरेबुवांनी दोन वेळा वाढून घेतली आणि मग म्हणाले, "चांगली आहे हो, पण ही पोपटी नाही." पटलं मला.

लाइट गेली तर घाबरू नका, खालचं-वरचं भोक हाताने उघडंमिटं करून साध्या कमाडोसारखा चालतो, फक्त आपल्याला लक्ष ठेवावं लागतं. काम झालं की दोन्ही भोकं बंद, आग आपोआप विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो, हा मोठा फायदा. आतून साबणाने धुवायचा नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिला की आत बुरशी धरते, तेव्हा एकदा चांगला तापवून जाळून काढायची, जाळी घासायची, मगच स्वयंपाक. कंट्रोलरवर पाणी पडू देऊ नका, नुसतं कव्हर पुरत नाही, वर पत्रा हवाच. आणि बाहेरून आणलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही, म्हणून येतानाच एक जास्तीची झाकणाची पट्टी आणि पेटवायचा एलिमेंट बॅगेत टाकून आणा.