हायड्रोस्टॅटिक गार्डन ट्रॅक्टर: हाताचा लिव्हर ठेवावा की पायाचं पेडल बसवावं?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्सचं गवत कापायचं असो, नाहीतर दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधून फवारणीची टाकी ओढायची असो, छोटा हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर वेग बदलणारा) ट्रॅक्टर दोन्ही कामं करतो. मात्र जुन्या अमेरिकन गार्डन ट्रॅक्टरना, उदाहरणार्थ १९८०च्या दशकातल्या जॉन डिअर ३१८ला, वेग आणि दिशा बदलायला हाताचा लिव्हर असतो. असं मशीन ज्यांच्याकडे आहे किंवा जे जुनं घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. माझं मत आधीच सांगतो: दिवसभरात तुम्ही पुढे-मागे किती वेळा करता, यावर हा निर्णय घ्या. नवं-जुनं किंवा दिसायला चांगलं, हा विचार इथे कामाचा नाही.

लिव्हर असो वा पेडल, आतलं काम तेच. इंजिन एक पंप फिरवतं. पंपातल्या स्वॉशप्लेटचा, म्हणजे तिरक्या होणाऱ्या प्लेटचा, कल बदलला की तेलाचा प्रवाह कमी-जास्त होतो, कल उलटा झाला की गाडी मागे जाते. इंजिनाचे आरपीएम तेच ठेवून गाडीचा वेग बदलता येतो, तो यामुळेच. आपण हलवतो ते फक्त त्या प्लेटचं बाहेर आलेलं टोक.

खरा फरक पडतो हात किंवा पाय काढल्यावर. लिव्हरच्या बुडाशी घर्षणाच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात, म्हणून लिव्हर जिथे सोडाल तिथेच थांबतो आणि वेग टिकतो. पेडलचं उलट हवं: पाय उचलला की गाडी आपोआप न्यूट्रलला यायला हवी. त्यासाठी चकत्या ढिल्या कराव्या लागतात आणि परतीची स्प्रिंग बसवावी लागते. नुसता रॉड जोडून चकत्या तशाच घट्ट ठेवल्या, तर पाय काढल्यावरही ट्रॅक्टर चालतच राहील. हे जोडकाम धोक्याचं आहे, कितीही स्वस्तात होत असलं तरी करू नका.

लॉन्सवरचं काम घ्या. मांडवाचे खांब, कारंजं, झाडांचे आळे, कोपरे. दर थोड्या अंतरावर थांबा, मागे या, परत पुढे. लिव्हरवर हे करताना उजवा हात सतत स्टिअरिंगवरून उठतो आणि वळण एका हातावर येतं. पेडल असेल तर दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. पुढे लोडर (माती उचलायचं बकेट) लावला असेल, तर माझ्या मते पेडलला पर्यायच नाही. एक हात लोडरच्या लिव्हरवर, दुसरा स्टिअरिंगवर, मग वेगासाठी तिसरा हात आणायचा कुठून?

द्राक्षबागेत चित्र पालटतं. फळछाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी चालू असते तेव्हा नोझलमधून मिनिटाला ठरावीकच द्रावण बाहेर पडतं. ताशी ४ किलोमीटरचा वेग ५ झाला, तर एकरी औषध २० टक्क्यांनी कमी पडतं. वेग उतरला तर तेच जास्त पडतं, आणि निर्यातीच्या बागेत ते रेसिड्यूच्या (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीत महागात जातं. लांब ओळीत एकच वेग धरून ठेवायचा तर लिव्हर निर्विवाद सरस. काळ्या जमिनीत ढेकळांवरून जाताना अंगाबरोबर पायही हलतो आणि पेडलवर प्रत्येक धक्क्याला वेग मागेपुढे होतो. पेडलला धक्के शोषणारा छोटा डॅम्पर लावल्याने हे बरंच कमी होतं, पण तासभर एकाच कोनात पाय धरून घोटा भरून येतो, त्याला डॅम्पर काय करणार?

पेडल बसवायचं ठरलंच, तर एक की दोन? कुबोटाच्या बीएक्स मालिकेत एकच लांब पेडल आहे, बोटांनी दाबलं की पुढे आणि टाचेनं दाबलं की मागे. जॉन डिअर १०२५आरमध्ये शेजारी शेजारी दोन पेडलं आहेत, एक पुढे जायला, एक मागे यायला. घडवायला एक पेडल सोपं: एक शाफ्ट, दोन बुश, एक रॉड, बस्स. पण आपल्याकडे ट्रॅक्टर चपलेवर चालवतात. मागे वळून बघताना टाच सरकते, चप्पल पेडलवरून निसटते, आणि नेमकं तेव्हाच रिव्हर्स अलगद हवा असतो. दोन पेडलांत दोन्ही दिशा पायाच्या पुढच्या भागानेच चालतात, म्हणून चिखलाचे गमबूट असोत की चप्पल, अंदाज चुकत नाही. पायाजवळ जागा असेल तर मी दोन पेडलं सुचवेन. जागा नसेल तर एकच बसवा, पण टाचेच्या बाजूला वर वळवलेली कड आणि खरबरीत पट्टी हवीच.

लॉन्स आणि बाग अशी दोन्ही कामं असणाऱ्यांनी पेडल बसवून लिव्हरही ठेवावा, वेग धरून ठेवणारा लॉक म्हणून. अट एकच: ब्रेक दाबताच लॉक सुटला पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये ब्रेकचं पेडल मूळ लिव्हरला न्यूट्रलवर ढकलतं. ही कंपनीची जोडणी आणि चालक उठल्यावर इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच, दोन्हींना हात लावू देऊ नका.

अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत हे काम करू शकणारे फॅब्रिकेशनवाले आणि लेथवाले मिळतात. परदेशातून किट मागवलं तर त्याच्यावर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी बसते. आणि ते तुमच्या मॉडेलचंच नसेल, तर इथे येऊन पुन्हा कापाकापी करावीच लागते. म्हणून इथेच करून घेणं मला पटतं. मात्र कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. चासीवर वेल्डिंग नको, आधीची भोकं वापरून ब्रॅकेट बोल्टने बसवा. रॉडची लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून दोन्ही टोकांना रॉड एंड (आट्यांचे फिरते जोड) लावा. तिसरी गोष्ट स्टॉपरची: पूर्ण दाबलेलं पेडल फ्रेमवरच्या स्टॉपरला टेकलं पाहिजे. स्टॉपर नसेल तर अख्ख्या पायाचा जोर पंपाच्या टोकावर येतो. लिव्हरवर हाताने इतका जोर कधीच लागत नव्हता.

काम झालं की लगेच शेतात नेऊ नका. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावा, मागचा एक्सल भक्कम स्टँडवर घ्या, इंजिन पूर्ण आरपीएमवर ठेवा आणि पेडल पुढे दाबून सोडा, मग मागे दाबून सोडा. दोन्ही वेळा चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. सावकाश का होईना फिरत राहिली, तर इंजिन बंद करून रॉडची लांबी थोडी बदला आणि पुन्हा बघा. रॉड बदलूनही चाकं थांबत नसतील, तर चकत्या अजून घट्ट आहेत किंवा स्प्रिंग कमी पडते आहे.