सोलर सबसिडीच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं, छतावर पॅनल लावणार असाल तर वाचाच

पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली तेव्हापासून दारोदार सोलरवाले फिरतायत, त्यातले बरेच जण प्रामाणिक असतील पण आमच्या वाट्याला जो आला त्याने पद्धतशीर चुना लावला. त्याचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पण पद्धत सांगतो कारण हीच पद्धत अजून चार जणांसोबत झाल्याचं नंतर कळलं.

आधी योजना काय आहे ते थोडक्यात. घराच्या छतावर सोलर लावलं की सरकार सबसिडी देतं, पहिल्या 2 किलोवॉटला किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 3 किलोवॉटला 78 हजार आणि त्याच्यावर कितीही मोठा प्लांट लावा, 78 हजारच. हे पैसे वेंडरला, म्हणजे पॅनल बसवणाऱ्याला, मिळत नाहीत, प्लांट बसून नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागून सगळं झाल्यावर थेट ज्याच्या नावावर लाईट मीटर आहे त्याच्या बँक खात्यात येतात. आता हे लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

तो माणूस आला, वडिलांना म्हणाला काका एकूण 1 लाख 90 हजार, त्यातून सरकारचे 78 वजा, तुम्ही फक्त 1 लाख 12 हजार द्यायचे, सबसिडीचं आम्ही बघतो. ऐकायला किती छान!! आणि सबसिडी तुमच्या खात्यात आली की ती आम्हाला मिळायला हवी ना, म्हणून 78 हजाराचा एक सही केलेला चेक द्या, तारीख टाकू नका, नुसता हमी म्हणून. वरून लाईट बिल, आधार, पासबुकचा फोटो सगळं घेऊन गेला आणि योजनेच्या सरकारी पोर्टलवर अर्ज स्वतःच भरला. मोबाईल नंबर कोणाचा टाकला? स्वतःच्या पोराचा. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, लॉगिन त्याच्याकडे, अर्ज कुठपर्यंत गेला ते आम्हाला दिसायची सोयच नाही. (अर्ज करायला पोर्टलवर पैसे लागत नाहीत, तरी त्याने "फाईल चार्ज" म्हणून वेगळे घेतले ते सोडाच.)

पॅनल बसले, काम दिसायला चकाचक. उरलेले पैसे त्याच दिवशी रोख घेऊन गेला. मग नेट मीटर लागला, बिल खरंच कमी झालं, आणि सबसिडी काही येईना. विचारलं की वरून अडकलंय, निवडणूक आहे, सर्व्हर डाऊन आहे, महावितरणचा साहेब सुट्टीवर आहे. मी स्वतः पोर्टलवर बघायला गेलो तर आमच्या ग्राहक क्रमांकावर अर्ज आधीच आहे असं दाखवलं, आणि नोंदवलेला मोबाईल दुसराच.

शेवटी ओळखीतल्या एका इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं, त्याने पॅनलचं स्टिकर बघितलं आणि दोन मिनिटात म्हणाला, भाऊ हे डीसीआर नाहीत, याला सबसिडी कशी मिळेल.

इथे खरी मेख आहे. सबसिडीसाठी डीसीआर पॅनल लागतात, म्हणजे आतला सेल पण भारतात बनलेला आणि पॅनल पण भारतात बनलेलं. बाजारात असे ढीगभर पॅनल आहेत ज्यांच्यावर मेड इन इंडिया लिहिलेलं असतं, कंपनीपण आपलीच असते, पण सेल बाहेरून आणून इथे नुसते जोडलेले असतात. ते वीज तेवढीच देतात, त्यात खोट नाही, पण ते स्वस्त पडतात आणि सबसिडीला चालत नाहीत. याने आमच्याकडून भाव डीसीआरचा घेतला आणि माल तो लावला, फरक खिशात. त्याला तोंडावर विचारलं तर निर्लज्जपणे म्हणतो, अहो इंडियनच आहे की, वाचा ना स्टिकर.

अजून एक गंमत. करारावर नाव एका फर्मचं, जीएसटी बिल दुसऱ्या फर्मचं, आणि चेक घेतला तिसऱ्याच नावाने. पोर्टलवर रजिस्टर असलेला वेंडर वेगळाच निघाला, हा त्याचं नाव वापरून कामं घेणारा मधला माणूस. रजिस्टर्ड वेंडरला फोन केला तर तो म्हणतो मी तुमच्याकडून रुपया घेतला नाही, आणि कागदावर ते खरंच आहे.

आणि तो चेक! सबसिडी आली नाही तरी पठ्ठ्याने तारीख टाकून बँकेत टाकला. आम्ही पेमेंट थांबवलं तर वकिलाची चेक बाऊन्सची नोटीस, कलम 138 खाली. आता आमचा वकील म्हणतो की देणं लागतच नव्हतं हे दाखवता येईल, पण ते दाखवायला तारखा पडत राहणार. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाकली, महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज देऊन पोच घेतली, ग्राहक आयोगात पण गेलोय. जे लोक ओटीपी सांगून थेट ऑनलाईन पैसे गमावून बसलेत त्यांनी मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930 लावा, तो प्रकार वेगळा आहे.

ज्यांचं काम सध्या चालू आहे त्यांना एवढंच, लॉगिन स्वतःच्या मोबाईलवर करा, वेंडर पोर्टलच्या यादीतून स्वतः निवडा आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाईन द्या. सबसिडीच्या रकमेचा बिनतारखेचा चेक मागितला की तिथेच हात जोडा. बिलावर प्रत्येक पॅनलचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या डीसीआर सर्टिफिकेटशी जुळवून बघा, पण हे पॅनल खाली अंगणात ठेवलेले असतानाच करा, कारण स्ट्रक्चरवर चढले की नंबर वाचायला शिडी लागते आणि ती तोवर त्याच्या टेम्पोत गेलेली असते.