‘फुटी’चे पंच: मैदान, सीमारेषा की गोल?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे ‘फुटी’च्या, स्थानिक लीगमध्ये पंच व्हायचं ठरवलं, की आधी जागा निवडावी लागते. तिन्ही जागांचा सराव वेगळा आणि सामने मिळण्याचं गणितही वेगळं.

मैदानी पंचाला नियम तोंडपाठ हवेत, पण खरा कस लागतो तो योग्य जागी पोहोचण्यात. चेंडूच्या मागे सरळ धावत गेलं तर पाठीत ढकललं की बाजूने धरलं हे कळत नाही. बाजूला राहिलं की हात दिसतात. नवे पंच हमखास अडखळतात ते ‘होल्डिंग द बॉल’वर, म्हणजे पकडला गेलेला खेळाडू चेंडू सोडत नाही त्या नियमभंगावर. चेंडू सोडायची संधी खेळाडूला आधी मिळाली होती का, हे न बघताच त्यांची शिट्टी वाजते.

सीमारेषा पंचाला नियम कमी, धावपळ जास्त. चेंडू अख्खा रेषेपार गेला तरच बाहेर. रेषेला टेकला असेल तर खेळ चालूच. गोल झाला की चेंडू मध्यभागी पोहोचवायचं कामही त्याच्याकडेच. बाहेर गेलेला चेंडू आत फेकायचाही त्यानेच. फेक मैदानाकडे पाठ करून, डोक्यावरून. चेंडू लवकर सुटला तर नुसता उंच जातो आणि जवळच पडतो, उशिरा सुटला तर सपाट जातो. नुसत्या हातांनी फेकू नका, गुडघे वाकवून पायांतून जोर घ्या. आठवड्याला वीस-तीस फेकींचा सराव असला की हे अंगवळणी पडतं.

गोल पंच कमी धावतो, पण त्याची चूक थेट धावफलकावर दिसते. गोलचे खांब 6.4 मीटर अंतरावर असतात. खांबाला चाटून गेलेला चेंडू म्हणजे गोलचे 6 नव्हे, 1 गुण. चेंडूकडे बघत राहिलात तर खांबावर आदळाल. आधी आडव्या पावलांनी जागा घ्या. मैदानी पंचाचं ‘ऑल क्लिअर’ (सगळं नियमात झाल्याचा इशारा) मिळेपर्यंत गुण जाहीर करणारे झेंडे हलवू नका.

नेमणुकीचं म्हणाल, तर खालच्या गटांत आणि मुलांच्या सामन्यांत लीग बहुधा मैदानी पंचच पाठवते. बाकीची कामं क्लबचे स्वयंसेवक करतात. त्यामुळे दर आठवड्याला सामना हवा असेल तर मैदानी पंच व्हा. दम आहे पण खेळ नवा आहे, अशांनी सीमारेषेपासून सुरुवात करणं उत्तम: खेळ जवळून दिसतो, रोष कमी ओढवतो. गुडघे कुरकुरत असतील तर गोल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मुलांच्या सामन्यांसाठी 18 वर्षांवरील पंचाला ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ (मुलांसोबत काम करण्याआधीची पार्श्वभूमी तपासणी) लागतो. त्याचा अर्ज हंगामाआधीच करून ठेवा.