मोतीबिंदू: साधी लेन्स की मल्टिफोकल?

फेकोची, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायच्या शस्त्रक्रियेची, चीर दोन्हीकडे सारखीच, जेमतेम २.२ ते २.८ मिमी. टाका सहसा लागत नाही. फरक आत बसणाऱ्या लेन्सचा आणि बिलाचा.

साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला नेमकी बसते, बहुधा लांबच्या. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आईने हीच घेतली. आता बसची पाटी ती माझ्याआधी वाचते, पण तांदूळ निवडायला बसली की आधी चष्म्याची शोधाशोध. तक्रार नाही; चष्मा चाळीस वर्षं नाकावर होताच.

मल्टिफोकल आत येणारा प्रकाश जवळ-लांब असा वाटून देते. चष्मा बराचसा सुटतो खरा, पण प्रत्येक अंतराच्या वाट्याला उजेड कमी येतो. तिन्हीसांजेला सगळं जरा फिकं, रात्री दिव्यांभोवती कडी. दिंडोरीचे मामा द्राक्षांच्या हंगामात पहाटे अंधारातच पिकअप काढतात. समोरून ट्रक आला की दिव्याला खळं पडतं म्हणतात. सवय होते, पण बऱ्याच जणांचे त्यात काही महिने जातात.

पडद्याचा आजार किंवा वाढलेला काचबिंदू असेल तर मल्टिफोकलच्या वाटेला न गेलेलं बरं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर टोरिकबद्दल, म्हणजे तो नंबर भरून काढणाऱ्या लेन्सबद्दल विचारा, ती मोनोफोकलमध्येही मिळते. रात्री गाडी चालवणाऱ्याला मी तरी साधीच सांगेन. मामांनी विचारलं नव्हतं.