लेकीच्या युनिव्हर्सिटीचा व्हॉलंटिअर प्रोग्राम: माझा दोन वर्षांचा अनुभव
लेक तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्या युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिससाठी मी दोन वर्षं व्हॉलंटिअर म्हणून काम करतेय आणि मनापासून सांगते, प्रोग्राम खूप छान आहे. आधी ऑनलाइन ट्रेनिंग असतं, त्यात एक गोष्ट पक्की डोक्यात बसवतात की अ‍ॅडमिशन मिळेल का, स्कॉलरशिप किती, यावर आपण शब्द द्यायचा नाही, सरळ ऑफिसकडे पाठवायचं. माजी विद्यार्थी कॉलेज फेअरमध्ये टेबल सांभाळतात, काही जण इंटरव्ह्यू घेतात (घरातलं कोणी अर्ज करत असेल तर त्या वर्षी नाही, हे योग्यच), आणि आम्ही पालक ऑफर मिळालेल्या मुलांच्या आईवडिलांना फोन करतो. खरं काम तिथेच होतं हो! एक आई अर्धा तास फीबद्दलच विचारत होती, शेवटी हळूच म्हणाली, "रात्री आजारी पडली तर कोण बघतं?" माझ्या लेकीला ताप आला तेव्हा हॉस्टेलच्या वॉर्डनने काय काय केलं ते सगळं सांगितलं, तिचा आवाजच बदलला. ब्रोशरमध्ये हे कुठे मिळणार?

तक्रार एकच, फोनची यादी फार उशिरा येते, तोवर काहींनी दुसरीकडे फी भरलेली असते. थोडी आधी द्या ना प्लीज. बाकी सीझनमध्ये आठवड्याला दोनेक तास जातात, नोकरी सांभाळून आरामात जमतं.