२४, ६० की १२०? फ्रेम रेट ठरवताना नजर कुठे असेल ते पाहा

व्हिडिओ सेकंदाला किती फ्रेमने (म्हणजे किती स्थिर चित्रांनी) काढायचा हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. पाहणाऱ्याची नजर पडद्यावर एका जागी राहणार आहे, की हलत्या वस्तूचा पाठलाग करणार आहे?

‘डोळा सेकंदाला अमुक इतक्याच फ्रेम पाहतो’ हा समज आधी सोडून द्यावा. डोळ्यात फ्रेम नसतात. शिवाय गती जाणवणं आणि लुकलुक न जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९१२ मध्ये दाखवलं की दोन रेषा साधारण ६० मिलिसेकंदांच्या अंतराने आलटून-पालटून दाखवल्या, तर एकच रेषा सरकल्यासारखी वाटते. हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन सेकंदाला १२ चित्रांवरही चालतं ते यामुळेच. लुकलुक नाहीशी व्हायला मात्र उजेडात सेकंदाला ५०-६० चमका लागतात, आणि नजरेच्या कडेला ती जास्त जाणवते. म्हणून फिल्म प्रोजेक्टर २४ पैकी प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा चमकवतो.

नजर स्थिर असेल तर २४ उत्तम. कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उघडं राहिल्याने पडलेला धूसरपणा एका फ्रेमला दुसरीशी जोडतो आणि हालचाल नैसर्गिक वाटते. बोलणारा माणूस किंवा संथ दृश्य असेल, तर याहून जास्त फ्रेमची गरज नाही.

नजर वस्तूमागे गेली की गणित बदलतं. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा दोन सेकंदांत पार करणारी वस्तू घ्या, म्हणजे वेग सेकंदाला ९६० पिक्सेल. डोळा तिच्यामागे अखंड सरकतो, पण पडद्यावरचं चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत जागीच थांबलेलं असतं. त्या वेळात ते दृष्टिपटलावर फरफटतं: २४ ला ४० पिक्सेल, ६० ला १६, १२० ला ८. कडा, अक्षरं, बोटं या फरफटीत हरवतात. शटर १/५०० केलं तर कॅमेऱ्यातला धूसरपणा जातो, ही फरफट जात नाही. उलट २४ वर झटके जास्त दिसू लागतात. २४ वरच पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) करायचा असेल, तर वस्तूला फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद द्या. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणाऱ्या) पडद्यावर २४ च्या फ्रेम आळीपाळीने दोनदा आणि तीनदा दिसतात, म्हणजे ३३ आणि ५० मिलिसेकंद. पॅन अडखळतो तो बऱ्याचदा याने. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम सारखी पाचदा दिसते आणि ही अडचण उरत नाही.

६० ची किंमत उजेडात मोजावी लागते. शटर फ्रेमच्या निम्म्या वेळ उघडं ठेवायचं, तर ६० ला १/४८ वरून १/१२० वर यावं लागतं आणि प्रकाश अडीच पटीने घटतो. घरातल्या दिव्यांत तो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवून भरला की चित्रात दाणे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर अनेक एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तिथे १/१२० ने पट्टे किंवा लुकलुक येऊ शकते, १/१०० ठेवा.

१२० चा फायदा १२० हर्ट्झच्या पडद्यावरच. ६० च्या पडद्यावर निम्म्या फ्रेम वाया जातात. स्लो मोशन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. काही पडदे फ्रेममध्ये काळा क्षण घालतात. चित्र ४ मिलिसेकंदच उजळलं तर ६० वरही फरफट ४ पिक्सेलवर येते, पण उजेड चौथाईवर उतरतो आणि लुकलुक डोळ्यांना त्रास देते.

आता खरा पेच. अपलोडची मर्यादा असेल तर १०८०पी ३० (१९२०×१०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम) घ्यावं की ७२०पी ६० (१२८०×७२० पिक्सेल, ६० फ्रेम)? सेकंदाला जाणारे पिक्सेल जवळपास सारखेच, ६.२ कोटी आणि ५.५ कोटी. नृत्य, व्यायाम, खेळाचं तंत्र शिकवायचं असेल तर आमचं मत ठामपणे ७२०पी ६० ला. मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये अंधारात फक्त सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून माणसं चालवली. थांबलेले दिवे म्हणजे नुसते ठिपके. हलू लागताच चालणारा माणूस लगेच ओळखू येतो. शरीराचा आकार मेंदू गतीतूनही घडवतो, म्हणून इथे चित्रातल्या तपशिलापेक्षा सेकंदाला जास्त फ्रेम मोलाच्या. कोड, नकाशे, फळ्यावरचं लिखाण यांना मात्र १०८०पी ३० च.

ठरवण्याआधी तोच पॅन दोन्ही प्रकारे काढा आणि प्रेक्षक ज्या पडद्यावर पाहणार त्यावर, पूर्ण वेगाने, वस्तूवर नजर ठेवून पाहा. पॉज करून तुलना करू नका: थांबलेल्या फ्रेममध्ये फक्त कॅमेऱ्याचा धूसरपणा दिसतो, डोळ्यातली फरफट दिसत नाही.